खालून ताठा मोडताना

आखाड्यातून थेट जिउ-जित्सूच्या मॅटवर आलेल्या पोराला पाठीवर पाडलं की तो लगेच पालथा होतो. सांगून ऐकत नाही, कारण तो ठरवून पालथा होतच नसतो. त्याचं अंगच वळतं. अमरावती-अकोल्याकडे लहानपणापासून हौदात घाम गाळलेल्या माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते: दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. हरलेल्याला ‘आसमान दाखवलं’ असं आपण म्हणतो. आणि इथे शिकवणारा सांगतो, आपणहून आसमानाकडे तोंड करून पड, दोन्ही पायांनी समोरच्याची कंबर वेढ आणि तिथून लढ. हे पटायला वेळ लागतो. मला दीड वर्ष लागलं.

माझं वजन ६२ किलो. रविवारी सकाळची गाडी धरून मी बडनेऱ्याहून अकोल्याला सरावाला जात असे. तिथला माझा जोडीदार ९० किलोच्या आसपासचा, शेतातली पोती एकट्यानं उचलणारा. तो माझ्या गार्डमध्ये, म्हणजे त्याच्या कमरेला वेढलेल्या माझ्या पायांत, नुसता ताठ बसायचा. डाव नाही, घाई नाही. दोन्ही हात माझ्या पोटावर, पाठ सरळ, मान वर. मी त्याची कॉलर धरून जीव खाऊन ओढायचो आणि दोन मिनिटांत माझ्याच बोटांना गोळे यायचे. हा लेख अशा माणसाखाली सापडलेल्यांसाठी आहे.

आधी ‘पोश्चर’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. मराठीत त्याला ताठा म्हणायला हरकत नाही. वरच्याचं डोकं त्याच्या कमरेच्या बरोबर वर, पाठीचा कणा सरळ, गुडघे फाकवलेले, कोपरं अंगाशी आणि हात तुमच्या छातीवर किंवा कमरेवर टेकलेले. या बैठकीत असताना त्याला तुमचा कोणताही डाव लागत नाही. गळ्याचा डाव असो, हाताची कैची असो, पायांचा त्रिकोण असो किंवा त्याला उलटवायचा प्रयत्न असो, त्याचं डोकं आणि कोपर तुमच्या छातीजवळ आल्याशिवाय यातलं काही होत नाही. म्हणून ताठा मोडणं हे खालच्याचं पहिलं काम. डाव त्यानंतरचे. नवी मुलं व्हिडिओ बघून त्रिकोण शिकून येतात आणि ताठ बसलेल्या माणसाच्या खांद्यावर पाय टाकत राहतात. मग वरचा तोच पाय बाजूला सारतो, गार्ड ओलांडतो आणि छातीवर येऊन बसतो.

आता बळाचा हिशेब. माणसाची कमरेपासून वरची पाठ ताठ ठेवणारे स्नायू शरीरातल्या दमदार स्नायूंपैकी आहेत. त्याच स्नायूंनी तो पोतं उचलतो. तुम्ही त्यांच्याशी दंडाच्या बळानं भांडायला गेलात तर हरणारच. त्यात लाज नाही, ते साधं गणित आहे. मला हे कळलं ते जिउ-जित्सूच्या वर्गात नाही, तर मल्लखांब शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या वस्तादांकडून. ते एकदा सहज मॅटच्या कडेला उभे राहून माझी ओढाताण बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “अबे, हातानं काऊन वढू रायला? पाय कायले देल्ले तुले देवानं? अढी घाल ना!”

अढी. मल्लखांबावर चढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पायांनी खांब असा आवळायचा की दोन्ही हात सोडले तरी अंग तिथेच टिकलं पाहिजे. अढी पक्की बसली की हात मोकळे, आणि हात मोकळे म्हणजे खेळ सुरू. बंद गार्ड ही जिवंत खांबाला घातलेली अढीच आहे. फरक इतकाच की हा खांब हलतो आणि त्याला तुम्हाला वाकवायचंय.

अमरावतीत हे सांगताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. अंबादासपंत वैद्यांचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ साली उभं राहिलं. कुस्ती आणि मल्लखांबाला इथे पिढ्यान्‌पिढ्या मान मिळाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच १९१४ साली मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू ब्राझीलला पोचला होता. पुढे ग्रेसी कुटुंबातल्या भावांनी त्याची विद्या घेतली आणि जमिनीवरची लढत इतकी वाढवली की आज जगभर तिला ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण मल्लखांबावर वाढलेल्या आपल्या पोरांच्या पायांत जे आधीच आहे ते ब्राझीलमधल्या बेलेमच्या किंवा रिओच्या पोरांना शून्यापासून शिकावं लागलं असणार, हे मला मनापासून वाटतं. हे भांडवल वापरा.

तर अढी कशी घालायची? घोटे एकमेकांत अडकवले म्हणजे झालं असं नाही. पाय त्याच्या कमरेवर सैल पडले असतील तर तुम्ही त्याला धरलेलं नाही, तुम्ही त्याच्यावर लटकलेले आहात. पाय वर सरकवा. मांड्या त्याच्या बरगड्यांना चिकटू द्या, घोटे पाठीच्या मध्यावर येऊ द्या. जमलं तर काखेपर्यंत. मग ओढताना हात फक्त घट्ट पकडून ठेवायचे आणि गुडघे आपल्या छातीकडे ओढायचे. तुमचे गुडघे आले की तो येतोच. हात दोरी आहेत, ओढणारे पाय आहेत. हे एक वाक्य सोडून बाकी लेख विसरलात तरी चालेल.

पकड कुठे घ्यायची हे त्याच्याखालोखाल महत्त्वाचं. पोळ्याच्या दिवशी आठ वर्षांचं पोरगं धिप्पाड बैलाला गावभर फिरवतं, ते त्याच्या वशिंडाला ढकलून नाही. वेसणीला धरून फिरवतं. मान जिकडे जाईल तिकडे बैल जातो. वरच्याची तरफ कमरेपाशी सुरू होते, म्हणून कमरेपासून जितकं लांब धराल तितकं कमी बळ लागेल. नवखा माणूस त्याच्या पोटाजवळचा किंवा पट्ट्याजवळचा कपडा धरतो आणि ओढत बसतो. तिथे काही मिळत नाही. गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, घातलेली असेल तर कॉलर मानेमागे खोल धरा. चार बोटं आत, अंगठा बाहेर. गी नसेल तर हात त्याच्या मानेवर नको, डोक्याच्या मागच्या गोलाईवर ठेवा, आणि तुमचं कोपर त्याच्या छातीसमोर खाली लोंबू द्या, बाहेर उघडं नको. नुसत्या डोक्याचंच वजन साडेचार-पाच किलो असतं. ते एकदा कमरेच्या पुढे आलं की त्याच्या पाठीला तेही उचलून धरावं लागतं.

पण ओढण्याआधी त्याचे टेकू काढायला हवेत, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. त्याचे हात तुमच्या छातीवर टेकलेले आहेत तोवर तुम्ही कितीही ओढा, ते हात खांबासारखे मध्ये उभे राहतात. वाशाखालचा खांब न काढता छप्पर खाली ओढण्यातला प्रकार आहे हा. आधी खांब काढा.

त्याचा उजवा हात तुमच्या छातीवर आहे असं धरू. त्याची ती एकच बाही तुम्ही दोन्ही हातांनी धरा. एक हात विरुद्ध एक हात अशी बरोबरी करू नका; तो बळकट आहे, तिथे तो जिंकेल. दोन विरुद्ध एक करा. बाही मनगटाजवळ धरा, पण बाहीच्या तोंडात बोटं घालू नका, स्पर्धेत ते चालत नाही. मग कंबर थोडी उचलून, दोन्ही हातांनी ती बाही एका झटक्यात तुमच्या छातीवरून वर काढा. हात सुटला की तुमचा डावा हात बाहीवर राहू द्या आणि उजवा त्याच्या उजव्या कॉलरमध्ये खोल घाला. आता त्याच्या उजव्या बाजूला टेकू नाही. त्याला सरळ आपल्या छातीवर ओढू नका, तुमच्या डाव्या खांद्याकडे तिरपं ओढा. जिथला खांब काढला तिथेच छप्पर बसतं.

हे तिरपेपण मला फार मोलाचं वाटतं. सरळ मागे-पुढे या रेषेत पाठ मजबूत असते, पण जरा पीळ बसला की तीच पाठ निम्मी होते. शेतात रुतलेला दगड पहारीनं काढताना आपण तरी कुठे सरळ वर उचलतो? एका कडेनं सैल करतो. गार्डमध्येही सरळ पाठीवर पसरून राहू नका. कंबर एका बाजूला काढा, थोडे कुशीवर या, कान त्याच्या गुडघ्याच्या दिशेला न्या. तुम्ही तिरपे झालात की तुमची ओढ आपोआप तिरपी होते.

त्याचे दोन्ही हात तुमच्या पोटावर आणि कोपरं वाकलेली असतील तर वेगळा उपाय. तुमचे दोन्ही हात त्याच्या कोपरांच्या आतल्या बाजूनं घाला, कोपरं बाहेर उघडा आणि त्याच क्षणी गुडघे छातीकडे ओढा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या पाहिजेत. आधी कोपरं आणि मग पाय असं केलं तर त्याला सावरायला मधला अर्धा क्षण मिळतो, आणि बळकट माणसाला अर्धा क्षण पुरतो.

वेळ साधणं हे शिकवून येत नाही, पण कुठे बघायचं ते सांगता येतं. तुमचा गार्ड उघडण्यासाठी त्याला कधी ना कधी एक हात हलवावा लागतो, कुठे तुमच्या गुडघ्यावर, कुठे मांडीवर. हात उचलला गेला की त्याची बैठक क्षणभर एका टेकूवर असते. तेव्हा ओढा. तो पाय उभा करून उठायला लागतो तेव्हाही वजन एका बाजूला जातं. तेव्हा ओढा. बाकी वेळ पकड धरून शांत राहा. खडाखडीत चांगला पैलवान सतत ओढत नसतो, समोरच्याच्या पायाचा अंदाज घेत असतो. तेच इथे.

आणि त्यानं ओढीला घाबरून पाठ मागे टाकली तर? तर देवच पावला म्हणायचं. तो जितका मागे कलेल तितका मागे पडायला सोपा. झटकन उठून बसा, डावा हात मागे जमिनीवर टेकवा, उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून नेऊन त्याचा दंड कोपराच्या वर आवळा आणि कमरेनं धक्का देत डावीकडे वळा. तो उलटला तर तुम्ही वर. न उलटता तो धडपडत पुढे आला तरी बिघडलं नाही, तो पुढेच तर यायला हवा होता. आता मागे पडत पायांनी ओढा. धक्का आणि ओढ यांची ही जोडी एकदा अंगात भिनली की ९० किलोच्या माणसालाही कुठे बसावं कळत नाही. माझ्या अकोल्याच्या जोडीदाराचा ताठा पहिल्यांदा मोडला तो असाच.

ओढ लागल्यावर तो स्वतःला सावरायला एक हात मॅटवर टेकवतो. तो हात बघत राहा. मनगट धरून, वरून हात घालून त्याच्या कोपरामागून आपलंच मनगट धरलं की खांद्याचा जो डाव होतो त्याला ‘किमुरा’ म्हणतात. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात जुदोपटू मासाहिको किमुरानं हेलिओ ग्रेसीला याच डावानं हरवलं. हेलिओ हार मानून थाप मारेना, शेवटी त्याचा भाऊ कार्लोसनं टॉवेल टाकला. म्हणजे ज्या कुटुंबानं दुबळ्याची विद्या म्हणून ही कला जगाला शिकवली, त्यातला माणूसही जास्त बळाच्या आणि तितक्याच तयारीच्या माणसापुढे हरला. खालचा नेहमी जिंकतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या पारड्यात टल्सा शहरातली १६ डिसेंबर १९९४ ची लढत ठेवा. रॉइस ग्रेसी सुमारे ८० किलोचा, वर डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, वजन ११५ किलोच्या पुढे. जवळपास १६ मिनिटं रॉइस खाली होता. तो घाई करत नव्हता, सेव्हर्नचं डोकं आणि हात हवे तिथे येण्याची वाट बघत होता, आणि शेवटी त्यानं खालूनच पायांचा त्रिकोण लावला. आखाड्यातून आलेल्या प्रत्येक पोरानं ही लढत दोनदा बघावी. एकदा खालच्यासाठी, एकदा वरच्यासाठी.

ताठा मोडला की काम अर्धंच झालं, टिकवणं उरतं. बळकट माणूस लगेच वर उठणार. त्याला खाली दाबून ठेवायच्या नादात दंड थकवू नका. तुमचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावरून घालून काखेत आवळा, उजवा हात डोक्यामागे, पाय आणखी वर. तो उठलाच तर त्याच्या अंगाला चिकटून तुम्हीही वर या आणि तुमचं वजन त्याच्या मानेवर राहू द्या, बैलाच्या मानेवर जू असतं तसं. दोन-तीनदा असं तुम्हाला घेऊन उठला की तो तुमच्यापेक्षा आधी थकतो.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद हॉलमध्ये पाच मिनिटांत अंग तेल लावल्यासारखं निसरडं होतं. गीशिवाय सराव करणाऱ्यांची मनगटावरची आणि मानेवरची पकड या दिवसांत टिकतच नाही. म्हणून उन्हाळ्यात बोटांच्या पकडीवर विसंबू नका, आवळणाऱ्या पकडी घ्या: दंडावरून घातलेला हात, कोपरामागची पकड, अढी. सराव सकाळी सातच्या आत उरका. डोकं जड झालं, मळमळलं की थांबा, सावलीत या, मीठ-साखरेचं पाणी घ्या. उन्हात जिद्द दाखवण्यात शहाणपण नाही.

तो तुम्हाला घेऊन उभाच राहिला तर गार्ड सोडा. उचलून आपटणं स्पर्धेत नियमबाह्य आहे, पण सरावात पंच नसतो आणि तुमची मान एकच आहे. पाय त्याच्या कमरेच्या हाडांवर टेकवा, त्याच्या दोन्ही टाचा हातांनी धरा आणि पायांनी मागे रेटा, तो बसतो. नाही बसला तर बाजूला व्हा.

सराव कसा करायचा ते सांगतो, कारण नुसतं वाचून काही होत नाही. जोडीदाराबरोबर तीन मिनिटांचा एक फेरा ठेवा, ज्यात डाव लावायचे नाहीत. वरच्याचं काम ताठ बसण्याचं, खालच्याचं काम त्याचं कपाळ आपल्या छातीला लावून तीन अंक मोजण्याचं. बस. मग अदलाबदल. पहिला आठवडा हलक्या जोडीदाराबरोबर, मग बरोबरीच्या, मग जड. हलक्याला वगळून थेट जडाशी झुंजलात तर हात वापरायची खोड परत येते, मी ती अशीच लावून घेतली होती. पकडीसाठी बारवर पंचा टाकून लटका. पायांसाठी दोरीचा मल्लखांब मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही. आपल्याकडे तो अनेक व्यायामशाळांत आहे. जुदोच्या मुलांना यात आणखी एक फायदा आहे: वरच्याचं धड किंवा पाय तुमच्या पायांत अडकला असेल तोवर त्याची दाब-पकड मोजली जात नाही, त्यामुळे हा सराव तुमच्या खेळातही उपयोगी पडतो.

दोन गोष्टी मी काकुळतीनं सांगतो. मानेला झटके देऊ नका. ओढ सलग असू द्या, विशेषतः जोडीदार सोळा वर्षांच्या आतला असेल तर. आणि थाप मारायला लाजू नका. आपल्या तालमीतून आलेली पोरं दात आवळून सहन करतात, कारण हार मानणं त्यांना शिकवलेलंच नसतं; खांद्याचा सांधा मात्र अशी जिद्द ओळखत नाही. समोरच्यानं थाप मारली, तोंडानं ‘बस’ म्हटलं, की त्याच क्षणी सोडा.

अंग स्वच्छ ठेवा. हौदाच्या मातीत हळद, ताक, तेल मिसळायची आपली जुनी रीत आहे. मॅटवर तसलं काही नसतं, आणि घामेजल्या मॅटवर गजकर्ण एकाचं दहा जणांना होतं. सरावाआधी नखं कापा. मॅट रोज जंतुनाशकानं पुसा, गी प्रत्येक सरावानंतर धुऊन उन्हात वाळवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे. ज्याला चट्टा दिसतोय त्यानं बरं होईपर्यंत मॅटवर येऊ नये आणि इतरांनी त्याला त्यावरून हिणवू नये.

२०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये जिउ-जित्सूचा पहिल्यांदा समावेश झाला आणि तेव्हापासून आपल्या गावांतली कुस्तीची पोरंही याविषयी विचारू लागली आहेत. त्यांच्या वस्तादांना माझी हात जोडून विनंती आहे: पोरगा मॅटवर पाठ टेकवून लढतोय म्हणून त्याला रागावू नका. एक दिवस येऊन कडेला उभे राहा, त्याच्या पायांकडे बघा आणि अढी सैल दिसली तर त्याला तिथेच सांगा.